दोन पुरवठादार ठेवा म्हणणाऱ्यांनी आधी उधारीचं बोला

भाजणीवाली:

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात माझे धागे वाचणारे इथे बघून चकित होतील, पण आज विषय शिजवण्याच्या आधीचा आहे.

करी रोडला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजचे डबे, उन्हाळ्यात मसाला, गणपती-दिवाळीला फराळ. मध्यंतरी लघुउद्योग चालवणाऱ्या बायकांसाठी एक शिबिर होतं. तिथल्या सल्लागारांनी पडद्यावर बाण काढून समजावलं की प्रत्येक कच्च्या मालाला दोन पुरवठादार हवेत, पंधरा दिवसांचा साठा हवा आणि भावाचा लेखी करार हवा. म्हणजे म्हणे धंदा धक्का पचवतो. टाळ्या झाल्या, चहा-बिस्किटं झाली. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला आणि हसू आलं.

आम्हाला रोज वीस-पंचवीस किलो कांदा लागतो. पंधरा दिवसांचा म्हणजे पन्नास किलोच्या सहा ते आठ गोण्या. त्या ठेवल्या तर पोळ्या लाटायला बायका कुठे बसणार? तेलाचे डबे पोटमाळ्यावर आहेत, गव्हाची पोती जिन्याखाली, आणि जिन्याखालच्या पोत्यांवरून शेजाऱ्यांशी दर महिन्याला वाद. करी रोडला अजून एक खोली भाड्याने घ्यायची तर डब्याचा भाव दीडपट करावा लागेल.

दुसऱ्या पुरवठादाराचीही तीच कथा. आमचा भाजीवाला आठवड्याची उधारी देतो. दुसऱ्याकडे गेलं की तो म्हणतो, ताई, रोख. आणि पहिल्याला कळलं की तोही म्हणतो, मग आमच्याकडेही रोखच करा.

धक्के तर सारखे चालूच आहेत. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल गायब. ते सावरतंय तोवर एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या आसपास, २०२४ च्या फेब्रुवारीत लसूण चारशेच्या पुढे. त्याच वर्षी १ आणि २ जानेवारीला ट्रकवाल्यांचा संप झाला तेव्हा पेट्रोलपंपावर रांगा आणि आमच्या टेम्पोवाल्याचा फोन बंद. महिन्याचे डबे आधीच ठरलेल्या भावाने घेतलेले असतात, गिऱ्हाइकाला इंडोनेशिया सांगून उपयोग नाही.

मोठ्या कंपन्यांचं सोडा. आमच्यासारख्यांचं नेमकं अडतं कुठे, ते जाणकारांनी लिहावं. राजकारण नको, हात जोडते.

---

शेवटचा_बाक:

वाचतोय. "गिऱ्हाइकाला इंडोनेशिया सांगून उपयोग नाही" हे भारी.

---

मीठभाकर:

यात जाणकार कशाला लागतात? आपल्याकडे ४० टक्के भाजी-फळं वाटेतच सडतात. शीतगृहं बांधा, दलाल हटवा, विषय संपला. बाकी देशांनी हेच केलं.

---

तुर्भे_नाका:

ताई, तुमचा प्रश्न खरा आहे आणि सल्लागारसाहेबांना उधारी हा प्रकार माहीतच नाही असं दिसतं. मी वाशीच्या मार्केटात बरीच वर्षं गाळ्यावर लिखापढी केली, आता बाहेर पडलोय, म्हणून मोकळेपणी लिहितो.

मुंबईची घाऊक भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाले, धान्य हे सगळं पूर्वी शहरात विखुरलेलं होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते टप्प्याटप्प्याने वाशीला आणलं. कारणं रास्त होती, मशीद बंदर आणि भायखळ्याला ट्रक वळायला जागा राहिली नव्हती. पण त्यामुळे एवढ्या मोठ्या शहराचं ताट एका दारातून यायला लागलं. ते दार बंद झालं की काय होतं ते मे २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. करोना पसरला म्हणून ११ ते १७ मे पाचही मार्केटं बंद होती.

आता गाळ्यावरचं सांगतो. भाजीपाल्याच्या गाड्या रात्री लागतात. हुंडेकऱ्याच्या, म्हणजे माल वाहून आणणाऱ्या ठेकेदाराच्या, एकाच गाडीत वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा माल असतो, प्रत्येक नगावर खडूने किंवा रंगाने खूण. माथाडी माल उतरवतात, वारणार वजन करतात, आणि रात्री दोन-अडीचपासून सौदे सुरू. दादर, बोरिवली, ठाण्याचे घेणारे येतात. उजाडेपर्यंत चांगला माल गेलेला असतो, उरतो तो सकाळी उशिरा येणाऱ्यांसाठी. या सगळ्या गडबडीत रोख किती फिरते? फार थोडी. घेणारा चिठ्ठीवर माल उचलतो आणि आठ-पंधरा दिवसांनी पैसे देतो. तो दादरच्या भाजीवाल्याला उधार देतो, दादरचा तुम्हाला. उलट बाजूला अडत्याने, म्हणजे गाळ्यावरच्या दलालाने, शेतकऱ्याला लागवडीच्या वेळी उचल दिलेली असते, बी-बियाणं, कधी मुलीच्या लग्नाला. त्यामुळे माल त्याच गाळ्यावर येतो आणि पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, उचल वळती होते.

म्हणजे तुम्ही एका भाजीवाल्याला बांधलेल्या, तो एका घेणाऱ्याला, घेणारा एका अडत्याला आणि शेतकरीही त्याच अडत्याला. "दुसरा पुरवठादार ठेवा" म्हणजे प्रत्यक्षात "दुसरा सावकार ठेवा" असं आहे. आणि दुसरा सावकार पहिल्याची चौकशी केल्याशिवाय उभा करत नाही.

२०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून काढल्या, अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून घ्यायची ठरली. व्यापाऱ्यांनी बंदही केला होता. लोकांना वाटलं, आता वाशी ओस पडणार. पडली का? कायद्याने शेतकऱ्याला कुठेही माल विकायची मोकळीक दिली, पण उचल कायदा देत नाही.

---

मीठभाकर:

वा! दलालांची वकिली इतक्या गोड भाषेत पहिल्यांदाच वाचली. तो उचल देतो म्हणजे उपकार करतो का? त्याच उचलीच्या जोरावर भाव पाडतो.

---

तुर्भे_नाका:

पाडतो की. नाही कुठे म्हटलं? मी फक्त एवढंच म्हणतोय की त्याला हटवायचं असेल तर तो देतो ते पैसे दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवेत, रात्री अडीच वाजता, कागद न मागता. तुम्ही देता का?

---

आकडेमोड:

"४० टक्के सडतात" हा आकडा इतक्या भाषणांत आलाय की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. लुधियानाच्या सीफेट या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये देशभर मोजणी करून अहवाल दिला. त्यात फळांची नासाडी ६.७० ते १५.८८ टक्के, सगळ्यात वर पेरू. भाज्यांची ४.५८ ते १२.४४ टक्के, सगळ्यात वर टोमॅटो. २०२२ मध्ये नाबार्डच्या सल्लागार कंपनीने पुन्हा मोजलं तेव्हा फळं ६.०२ ते १५.०५ आणि भाज्या ४.८७ ते ११.६१ टक्के. हेही कमी नाही. पण ४० टक्के म्हटलं की उत्तर एकच दिसतं, शीतगृह. आणि १२ टक्के म्हटलं की मग बाकीच्या ८८ टक्क्यांचं काय होतं याकडे लक्ष जातं.

दुसरं, शीतगृह म्हणजे कुठलाही माल ठेवायची जादूची खोली नाही. आपल्याकडच्या शीतगृहांतली बहुतेक जागा बटाट्याची आहे, आणि ती उत्तर प्रदेश, बंगाल, गुजरात इथे एकवटलेली. कांदा आपल्याकडे सहसा शीतगृहात ठेवत नाहीत, चाळ लागते, खालून-बाजूने वारा खेळणारी. तीही रब्बीच्या कांद्याला. उन्हाळ्यात काढलेला तो कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, पण वजन घटत जातं, कोंब येतात, काही सडतो. खरिपाचा लाल कांदा पाणीदार, तो साठवताच येत नाही. म्हणून दरवर्षी रब्बीचा संपत आलाय आणि खरिपाचा आलेला नाही असा सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ नाजूक असतो. त्यात परतीचा पाऊस लांबला की भाव उसळलाच. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही, तरी आपल्याला दरवर्षी वाटतं.

मिरचीची शीतगृहं मात्र खरंच चालतात. उन्हाळ्यात मसाला करणाऱ्या ताईंना माहीत असेल, बेडगी मिरची वर्षभर रंग धरून मिळते ती कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या शीतगृहांमुळे. पण तिथेही २०२४ च्या मार्चमध्ये भाव कोसळल्यावर शेतकऱ्यांनी बाजार समितीत गाड्या जाळल्या. साठवण आहे म्हणून भावाची शाश्वती आहे असं होत नाही.

---

नारायणगावचा:

रामराम. वरच्या भाऊंनी टोमॅटोचं नाव काढलं म्हणून लिहितो. टोमॅटोचं आमच्याकडं गाव अख्खं आहे.

२०२३ ला जुलैत तुम्ही दीडशेने घेतला, तो आम्ही त्याच वर्षी एप्रिल-मेत रस्त्याच्या कडेला ओतला होता. वीस किलोचं क्रेट, तोडणीची मजुरी निघंना. लोकांनी बागा सोडून दिल्या, पाणी तोडलं. मग उन्हाचा तडाखा, त्यात व्हायरस. जुलैत ज्याच्याकडं माल राहिला त्याचं सोनं झालं, टीव्हीवर त्याचेच फोटो. शंभरातले दोन-चार होते ते. बाकीच्यांनी पुढच्या हंगामात बघून बघून लागवड वाढवली आणि भाव परत मातीत.

शहरातले लोक म्हणत्यात, पुरवठा पक्का पाहिजे. पक्का म्हणजे थोडा जास्तीचा पाहिजे, बरोबर? मग तो जास्तीचा माल ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशीचे पैसे कोण देणार? आजपर्यंत ते शेतकऱ्यानंच दिलेत.

कराराचंही सांगतो. एका कंपनीशी आमच्या गटानं करार केला होता, नाव घेत नाही. भाव बाजारात वर गेला तेव्हा आमच्यातले दोघं माल बाहेर विकून मोकळे झाले, आणि भाव पडला तेव्हा कंपनीची माणसं आली, रंग कमी, आकार बारीक, म्हणून निम्मी क्रेटं परत. दोन्ही बाजू सारख्याच. कागद होता, पण कोर्टात कोण जातंय तीन हजार रुपयांसाठी?

---

शेवटचा_बाक:

मीठभाकर साहेब कुठे गेले? पॉपकॉर्न गार झाले.

---

नाखवा:

मासळीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून दोन ओळी. आमच्याकडे दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. मुंबईसारख्या मासेखाऊ शहरात दोन महिने ताजी मासळी जवळपास थांबते, तरी कधी बोंब ऐकली? कारण तारीख सगळ्यांना ठाऊक असते. बोटी ओढून ठेवायची, जाळी शिवायची तयारी असते. मे महिन्यात घराघरात सुकट, बोंबील, सोडे भरले जातात. खानावळीही त्यावरच दोन महिने काढतात.

आणि याउलट बर्फाची गोष्ट. हंगाम भरात असताना बर्फ कारखान्याची वीज गेली तर एका दिवसात ससून डॉकला माल मातीमोल. कारण त्याची तारीख नसते.

---

नारायणगावचा:

नाखवा, लाखाचं बोललात. कांद्याची निर्यातबंदी तारीख सांगून येत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात आली, २०२० च्या सप्टेंबरात आली. २०२३ च्या ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क, मग ८ डिसेंबरपासून थेट बंदी. आदल्या दिवशी संध्याकाळी कागद निघाला, दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव बंद आणि माल भरलेल्या गाड्या न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर. ४ मे २०२४ ला उठली, तेही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. माझा मेव्हणा निफाडकडं, त्याला नवी चाळ बांधायची होती. तो म्हणाला, साठवून भाव वाढायची वाट बघायची, आणि भाव वाढला की सरकार बंदी घालणार. मग बांधू कशाला?

---

आकडेमोड:

हा मुद्दा व्यापाऱ्यालाही तितकाच लागू आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कांद्याला साठामर्यादा लागली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. गहू, तूर, हरभरा यांवरही नंतर वेळोवेळी मर्यादा आल्या. साठेबाजी रोखायची म्हणून हे होतं आणि टंचाईच्या काळात सरकारला काहीतरी करावंच लागतं, हे मला मान्य आहे. पण सल्लागार ज्याला शहाणपणाचा साठा म्हणतात आणि तपासनीस ज्याला साठेबाजी म्हणतो, त्या दोन्हींत पोती तीच असतात.

---

घाटमाथा:

रस्त्याचं कोणीच लिहिलं नाही. मी सांगलीचा, नोकरीला ठाण्यात.

मुंबईत देशावरून माल यायला खऱ्या अर्थाने दोनच मोठ्या वाटा, कसारा घाट आणि बोरघाट. तिसरी गुजरातकडून. समुद्र तीन बाजूंनी, त्यामुळे खाडीवरचे पूल मोजकेच. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. कोल्हापूर-सांगलीचं दूध मुंबईला पोचेना. इकडे मुंबईत पिशवी मिळत नव्हती आणि तिकडे संकलन बंद म्हणून आमच्या गावात लोक दुधाचं काय करायचं या विवंचनेत. २०२१ ला पुन्हा तेच.

रस्ते झाले नाहीत असं नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ ला उघडला, समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला. पण समृद्धीवरून सुसाट आलेली भाजीची गाडी भिवंडीच्या पुढे खड्ड्यांत आणि माजिवड्याच्या कोंडीत तासन्‌तास उभी राहते, हे पावसाळ्यात जाऊन कोणीही बघावं. त्यात शहरात जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी. गाडी वेळेत पोचली नाही तर बंदी उठेपर्यंत थांबायचं, तोवर पालेभाजी पिवळी. मेथीला अटल सेतूचं कौतुक नसतं.

---

आयटी_हमाल:

तुम्ही सगळे फार निराशावादी आहात. आज मी मोबाइलवर टोमॅटो मागवले, अकरा मिनिटांत दारात. तंत्रज्ञानाने हे प्रश्न सुटतायत. ताईंनी पण तिथूनच मागवावं.

---

तुर्भे_नाका:

अहो, ते टोमॅटो त्यांच्या गल्लीतल्या गोदामात पहाटे आलेले असतात. नारायणगावहून, माळशेज नाहीतर बोरघाट उतरून. शेवटची अकरा मिनिटं जलद झाली, आधीचे अकरा तास तेच आहेत. रस्ता बंद झाला की त्या ॲपवर "लवकरच उपलब्ध" असं येतं, एवढाच फरक.

---

भाजणीवाली:

आणि अर्धा किलो टोमॅटो अकरा मिनिटांत आणून काय करू? मला बारा किलो लागतात, तेही भाजीवाल्याच्या भावात. 🙂

---

डेबिट_क्रेडिट:

ताई, पैशाच्या बाजूचं लिहितो, कारण तुर्भेकरांनी दुखणं बरोबर पकडलंय.

तुम्ही ऑफिसांना डबे देता असं आधीच्या एका धाग्यात वाचलं होतं. तिथून पैसे कधी येतात? लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात कलम ४३बी(एच) आलं. मुदत उलटून पैसे मार्चअखेरही थकलेले असतील तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये थोडी धावपळ दिसते. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी केली नसेल तर आजच करा, फुकट आहे. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. म्हणजे तुमच्या भाजीवाल्याने नोंदणी केली तरी तो तुमच्याकडे या कायद्याने मागू शकत नाही.

केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना २०२० पासून आहे. कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. चांगली योजना आहे, मी दोघा-तिघांची प्रकरणं केली. पण भर यंत्रसामग्रीवर. चक्की घ्या, पोळी लाटायचं यंत्र घ्या. तुमची अडचण यंत्राची नाही, गोण्यांत अडकणाऱ्या पैशाची आहे. त्यासाठी बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज हवं, आणि बँक विचारते, तारण काय? जागा पागडीची असेल तर त्यावर कर्ज काढणं फार कठीण. विनातारण कर्जाला सरकारी हमी आहे, पण शाखा अधिकारी दोन वर्षांचे ताळेबंद मागतो आणि बरेच केंद्रवाले वहीवर चालतात. भाजीवाला वही बघून आठवड्याची उधारी देतो. म्हणून तो जिंकतो.

---

भाजणीवाली:

पागडीचीच जागा आहे, कसं ओळखलंत! आणि ऑफिसचे पैसे दोन-अडीच महिन्यांनी येतात. मागायला गेलं की "ताई, फाइल वर गेलीये". करार नाहीच, म्हणजे कायद्याने पंधरा दिवस. हे त्यांच्या हिशेबवाल्याला मार्चच्या आधी सांगून बघते. उद्यम नोंदणी आहे.

एक अवांतर. नाखवांनी सुकटीचं लिहिलं त्यावरून. माझी सासू रत्नागिरीकडची. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची तयारी म्हणजे घरात रणधुमाळी. कडधान्यं उन्हात घालून राख किंवा एरंडेल लावून भरायची, आमसुलं, चिंच मिठात, सांडगे, कुरडया, लसणाच्या माळा, कांद्याच्या वेण्या आढ्याला. चार महिने गाव तुटलं तरी चूल पेटती राहायची. आम्ही केंद्रात यातलं जमेल तेवढं केलंय. टोमॅटो महागला की आमटीला आमसूल आणि चिंच. पावसाळ्यात पालेभाजीऐवजी मोड आलेली कडधान्यं. आठवड्याच्या फळ्यावर भाजीचं नाव लिहायचं आम्ही बंद केलं, नुसतं "सुकी भाजी, रस्सा भाजी" लिहितो, म्हणजे स्वस्त असेल ते घेता येतं. गिऱ्हाइकांनी पहिल्यांदा कुरकुर केली, आता विचारतही नाहीत. या एका बदलाने आम्हाला जेवढं वाचवलं तेवढं शिबिरातल्या कुठल्याही बाणाने वाचवलं नसतं.

पण कांदा, तेल आणि गॅस यांना पर्याय नाही. आणि लसूण नसेल तर लोक डबा परत पाठवतात.

---

पाव_किलो:

गॅसवरून आठवलं. आमची बेकरी, लाकडाची भट्टी. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला असं सांगितलं, मग पालिकेच्या नोटिसा. धुराचा त्रास खरा आहे, त्यावर वाद घालत नाही, माझ्या वडिलांचा खोकला मी ऐकलाय. पण हिशेब बघा. लाकूड जुन्या फर्निचरचं, पाडलेल्या इमारतींचं, चार ठिकाणांहून यायचं, एक बंद झालं तर दुसरा होता. गॅसचा एकच नळ किंवा एकच एजन्सी. भट्टी बदलायचा खर्च वेगळा आणि बदलताना जितके दिवस बंद तितके दिवस हॉटेलवाला दुसऱ्याकडे पाव लावणार, तो परत येईलच असं नाही. स्वच्छ इंधनाला विरोध नाही, पण मधल्या त्या दिवसांसाठी कोणाच्याच योजनेत ओळ नाही.

---

मीठभाकर:

परत आलो. शेवटचा_बाक, पॉपकॉर्न गरम करा.

माझा मुद्दा अजून तोच आहे. लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीत शेतकरी गटाच्या गाड्या थेट यायच्या. मधला कोणी नाही, भाव चांगला, माल ताजा. म्हणजे होऊ शकतं ना? मग बंद का पडलं?

---

नारायणगावचा:

आमचाच गट होता एक, तुमच्याकडं नसेल पण मुलुंडला यायचा. का बंद पडलं सांगतो. तेव्हा तुम्ही जे येईल ते घ्यायचा. पाच किलोची पिशवी, त्यात दोडका असला तरी चालायचं. बाजार उघडल्यावर म्हणायला लागले, दोडका नको, भेंडी कवळी पाहिजे, आणि शनिवारीच पाहिजे. चाळीस घरांतली पंधरा राहिली. तेवढ्यासाठी डिझेल परवडंना. वाशीला काय असतं, माझा सगळा माल जातो, चांगला, मध्यम, फाटका, सगळ्याला कोणीतरी गिऱ्हाईक असतं. मध्यम माल हॉटेलवाला घेतो, फाटका चटणीवाला.

पण डबेवाली केंद्रं वेगळी. त्यांना आकाराचं काही नाही, चिरूनच टाकायचंय. भाजणीवाली ताई, तुमच्यासारखी आठ-दहा केंद्रं एकत्र आली तर आठवड्यातनं दोनदा गाडी देऊ. फक्त आम्हाला उधारी झेपत नाही. माल उतरला की पैसे.

---

भाजणीवाली:

दादा, मनापासून विचार करतेय. लालबाग, परळ, करी रोड मिळून ओळखीची सात केंद्रं आहेत. कालच तिघींशी बोलले. सगळ्यांचा पहिला प्रश्न रोखीचा. मग असं ठरतंय की भाजीवाल्याला सोडायचं नाही, कांदा-टोमॅटोचा निम्मा माल तुमच्याकडून आणि बाकी त्याच्याकडूनच, म्हणजे खातं चालू राहील. त्याला आधीच सांगणार, लपवून नको. रोख उभी करायला दर आठवड्याला प्रत्येकीने थोडे बाजूला टाकून एक भिशी. डेबिट_क्रेडिट, यात काही कायद्याचं अडेल का?

---

डेबिट_क्रेडिट:

ताजी भाजी जीएसटीमुक्त आहे, तिकडून काळजी नाही. गाडीत एकत्र माल असला तरी पावत्या केंद्रागणिक वेगळ्या घ्या. भिशी आपापसात आणि बिनव्याजी ठेवा, बाहेरच्यांकडून पैसे घेऊ नका. बचत गट म्हणून नोंद केलीत तर पुढे बँकेत खातं आणि कर्ज सोपं जाईल. वर सांगितलेल्या योजनेत गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं आणि ते खेळतं भांडवल म्हणून वापरता येतं. तुमच्या कामाचं हेच आहे.

---

तुर्भे_नाका:

भाजीवाल्याला आधी सांगताय हे बेस्ट. मी त्याच्या जागी असतो तर चिडलो असतो, पण उधारी तोडली नसती, सात केंद्रं एकदम कोण सोडतं? उलट आता सातजणी मिळून त्याच्याकडून दहा दिवसांची मुदत मागा.

एक व्यवहाराचं. गाडी मोठी असेल तर शहरात वेळेचा घोळ होणार. कळंबोलीला पहाटे पोचू द्या, तिथून छोटा टेम्पो सातच्या आत परळला. टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे, निरोपात नंबर पाठवतो, इथे नको.

---

नारायणगावचा:

कळंबोलीला चारपर्यंत गाडी लागंल. बुधवार आणि शनिवार धरू. कांदा गोणीत, टोमॅटो क्रेटमध्ये. क्रेट आमचे आहेत आणि महाग आहेत. वाशीला रिकामे क्रेट गाडी परत घेऊन येते. तुमच्या सात ठिकाणांहून गोळा करून परत कळंबोलीला कोण आणणार, ते आधी ठरवा.

---

भाजणीवाली:

टेम्पोवाल्याला विचारून सांगते. पुढच्या फेरीत आधीच्या फेरीचे क्रेट न्यायचे असतील तर तोवर सात ठिकाणी ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आहेच. आमच्याकडे जिन्याखाली जागा करते, पण शेजाऱ्यांशी बोलावं लागेल.